लेकाच्या उशाशी बसलेल्या अहिल्याबाई

गोदावरीकाठचे पुणतांबे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते चांगदेवांच्या समाधीमुळे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे जाणारा फाटा याच गावापाशी फुटतो. २०१७ च्या जून महिन्यातील शेतकरी संपाची हाकही याच गावाने दिली होती. या गावात नदीपात्रात उतरणारा एक दगडी घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेला आहे. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा त्यांच्या बांधकामांच्या लांबलचक यादीत पुणतांब्याचे नाव बहुधा शेवटी कुठेतरी येते. वास्तविक हा त्यांचा माहेरचा मुलूख. याच जिल्ह्यातील, आजच्या जामखेड तालुक्यातील चोंडी या गावी त्यांचा जन्म झाला आणि २०२४ साली जिल्ह्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

अहिल्याबाईंचा दानधर्म, त्यांचा न्याय आणि त्यांचा काटेकोर कारभार हे विषय शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण मात्र चरित्रकार चार-सहा ओळींत आटोपते घेतात. बुद्धी ढळलेल्या एकुलत्या एका मुलाची त्यांनी केलेली शुश्रूषा, हे ते प्रकरण होय. जिवंत असूनही हळूहळू परका होत जाणाऱ्या माणसाच्या उशाशी बसणे काय असते, हे आज अनेक घरांना ठाऊक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातील साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा विकार असल्याचा अंदाज वर्तवला. यांतील कितीतरी घरांत पत्नी पतीला किंवा पती पत्नीला सांभाळतो आहे. मालेराव होळकरांचा आजार तो नव्हता, आणि अहिल्याबाईंचे नाते पत्नीचे नसून आईचे होते. तरीही माया, लाज, संताप, थकवा आणि अपराधाची बोचणी यांचा जो गुंता अशा सेवेत मनाला वेढतो, तो त्यांच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो तितका आपल्या इतिहासात क्वचितच दिसेल. त्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याकडे पाहण्यासारखे आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मल्हारराव होळकरांनी या लहान मुलीला देवळात पाहिले आणि सून म्हणून पसंत केले, अशी परंपरागत कथा आहे. १७३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खंडेराव स्वभावाने चंचल आणि व्यसनांकडे झुकलेले होते, असे जुनी चरित्रे सांगतात. मल्हाररावांनी मुलापेक्षा सुनेवर अधिक भरवसा ठेवला आणि तिला हिशेब, पत्रव्यवहार व कारभार यांत तयार केले. १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

१७५४ च्या मार्च महिन्यात भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा ऐन अठ्ठाविशीत होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. परंतु मल्हाररावांनी आपल्या म्हातारपणाची आण घालून त्यांना परत फिरवले. ज्या पतीने संसारात फारसे सुख दिले नाही, त्याच्यासाठी चितेवर चढण्याची त्यांची तयारी होती आणि सासऱ्याच्या शब्दाखातर जगण्याचीही होती. मालेराव त्या वेळी नऊ वर्षांचे होते.

पुढची बारा वर्षे अहिल्याबाईंनी मल्हाररावांच्या बरोबरीने कारभार पाहिला. मल्हाररावांनी १७६५ साली त्यांना पाठवलेले एक पत्र उपलब्ध आहे. चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे जावे, मोठ्या तोफा जवळ बाळगाव्यात, दारूगोळ्याची तरतूद करावी, अशा सूचना त्यात सुनेला दिलेल्या आढळतात. तोफखान्याची जबाबदारी ज्या स्त्रीवर टाकली जात होती, तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. मालेरावांच्या वागण्यातली अस्थिरता घरच्यांच्या नजरेला येऊ लागली होती काय, हे त्या पत्रातून कळत नाही; परंतु दौलतीचा भार नातवावर न पडता सुनेवर पडत होता, एवढे त्यातून नक्की दिसते.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचा मृत्यू झाला आणि सरदारकीची वस्त्रे मालेरावांना मिळाली. पुढच्या काळाची माहिती मुख्यतः सर जॉन माल्कम यांच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात मिळते. माल्कम माळव्यात अधिकारी म्हणून आला तो या घटनांनंतर पन्नासेक वर्षांनी. त्याने जुन्या माणसांकडून, होळकरांच्या पदरच्या लोकांकडून हकिगती गोळा केल्या. त्यामुळे त्याचा शब्द अखेरचा मानता येत नाही, पण होळकरशाहीत हे प्रकरण कसे आठवले जात होते, हे त्याच्याइतके सविस्तर कोणी नोंदवलेले नाही.

त्याच्या म्हणण्यानुसार मालेरावांची बुद्धी पहिल्यापासूनच दुबळी व अस्थिर होती. अधिकार हाती येताच ती अधिकच ढळली. अहिल्याबाई ज्या ब्राह्मणांना आदराने दान देत, त्यांना छळण्यात मालेरावांना आनंद वाटू लागला. दानात द्यायच्या वस्त्रांत व जोड्यांत ते विंचू लपवून ठेवीत. रुपयांनी भरलेल्या भांड्यात विंचू सोडून ते याचकाला हात घालायला सांगत. दंश झालेला माणूस विव्हळू लागला की ते हसत. आई त्या माणसाचीही समजूत काढी आणि मुलाच्या अवस्थेवरही रडे. पुण्य म्हणून आपण जे हात पुढे करतो त्याच हातांनी लोकांना इजा पोहोचावी, आणि ती पोहोचवणारे आपलेच रक्त असावे, हा प्रकार त्यांच्यासारख्या श्रद्धाळू बाईला काय वाटला असेल, याची कल्पना करता येते. ही गोष्ट घराच्या भिंतींआड राहणारीही नव्हती. सगळ्या दरबारादेखत ती घडत होती.

त्यातच एक अधिक गंभीर घटना घडली. कशिदा काढणाऱ्या एका कारागिराचे वाड्यातील दासीशी संबंध आहेत, अशा संशयावरून मालेरावांनी त्याला ठार मारले. नंतर तो निर्दोष असल्याचे उघड झाले. या कृत्याचा पश्चात्ताप मालेरावांना इतका झाला, की त्यांनी अंथरूण धरले आणि त्यांना भ्रम होऊ लागले. मृत कारागिराच्या पिशाच्चाने त्यांना पछाडले आहे, असे सर्वांनी मानले. अठराव्या शतकात मनाच्या आजाराकडे अनेकदा असेच पाहिले जाई.

अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या अंथरुणाशी बसून राहिल्या. त्याच्या तोंडून जे बोलणे निघे, ते त्या मुलाचे न मानता त्या मृताचे मानीत आणि त्याच्याशी बोलत. मुलाला सोडून दे, तुझ्या नावाने देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जहागीर देते, अशी याचना त्यांनी केली. निरपराध असता मला मारले, आता याचा जीव घेतल्यावाचून मी जाणार नाही, असे उत्तर त्यांना मुलाच्याच तोंडून मिळे, असे माल्कम नोंदवतो. आजच्या वाचकाला यातला पिशाच्चाचा भाग पटणार नाही. पण घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्यांना यातले एक सत्य ओळखीचे वाटेल. आपल्या माणसाच्या तोंडून भलतेच कोणीतरी बोलते आहे, हा अनुभव त्यांना रोजचा असतो. चाळीस वर्षे ज्याच्याशी संसार केला तो नवरा एके दिवशी बायकोला ही बाई कोण म्हणून विचारतो, तिच्यावर चोरीचा आळ घेतो, हात उगारतो. हे तो बोलत नाही, त्याचा आजार बोलतो आहे, अशी ती मनाची समजूत घालते. अहिल्याबाईंनीही, त्यांच्या काळाच्या भाषेत, हीच समजूत घातली होती. मुलाला दोष न देता त्याच्यावर माया करीत राहण्याची ती एक वाट होती.

मात्र त्यांच्यापुढचा पेच याहून अवघड होता. ज्या कारागिराचे पिशाच्च त्या मनवीत होत्या, त्याच्यावर खरोखरच अन्याय झालेला होता, आणि तो त्यांच्या मुलाने केला होता. म्हणजे शुश्रूषा करणारी आई आणि न्याय जाणणारी राज्यकर्ती या दोघी एकाच अंथरुणाशी बसल्या होत्या. देऊळ आणि जहागीर देऊ करताना त्या मुलाचा जीव वाचवू पाहत होत्या, तशाच त्याच्या अपराधाची कबुलीही देत होत्या.

१७६७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मालेरावांचा मृत्यू झाला. वस्त्रे मिळून पुरते वर्षही झाले नव्हते. त्यांचे वय अवघे बावीस वर्षांच्या आसपास होते.

यानंतर जे झाले ते शुश्रूषा करणाऱ्यांच्या वाट्याला नेहमीच येते. लोकांनी संशय घेतला. आईनेच मुलाला मारवले, अशी वदंता पसरली. ती इतकी दूरवर गेली, की माल्कमला तिची मुद्दाम चौकशी करावी लागली. मालेरावांच्या वर्तनाने अहिल्याबाई व्यथित व उद्विग्न होत्या हे खरे असले, तरी त्यांच्या मृत्यूशी अहिल्याबाईंचा काही संबंध नव्हता, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे लोककथेने याच वदंतेला वेगळे वळण दिले. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेले, म्हणून अहिल्याबाईंनी मुलाला त्याच रथाखाली देण्याची शिक्षा फर्मावली आणि गाय आडवी आली, अशी एक कथा इंदूरच्या आडा बाजाराच्या नावाशी जोडली गेली आहे. मुलाला हत्तीच्या पायी दिल्याची कथाही सांगितली जाते. न्यायनिष्ठेचा गौरव म्हणून या गोष्टी आजही भाषणांतून ऐकू येतात.

या दंतकथांचा परिणाम असा झाला, की उशाशी रात्री जागवणारी खरी बाई मागे पडली. वदंता पसरवणाऱ्यांना ती निर्दय वाटली आणि गौरव करणाऱ्यांनीही तिला, चांगल्या अर्थाने का होईना, निर्दयच ठरवले. मुलाच्या वागण्याने शरमणारी, त्याच्या भीतीने थकलेली आणि तरीही त्याचा जीव वाचावा म्हणून मृतापुढे पदर पसरणारी स्त्री या दोन्ही चित्रांत बसत नाही.

दीर्घ आजारानंतर माणूस गेला की आपल्याकडे, सुटला बिचारा, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यात खोटे काही नाही. परंतु त्याच्याबरोबर आपणही सुटलो, हे वाक्य घरातले कोणी उच्चारत नाही. मनात ते आलेले असते, आणि आले म्हणूनच पुढे कित्येक वर्षे बोचत राहते. अहिल्याबाईंच्या मनात मुलाच्या मृत्यूनंतर काय होते, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. गोदावरीपलीकडच्या वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या संत बहिणाबाईंनी त्यांच्या आधी एक शतकभर आपल्या अभंगांत स्वतःचे आयुष्य सांगितले. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे वागणेही त्यांनी लपवले नाही आणि तो आजारी पडल्यावर केलेली त्याची सेवाही लपवली नाही. होळकरांच्या राणीला ती मोकळीक नव्हती. तिच्या दुःखाकडे सगळ्या दौलतीचे लक्ष होते.

शोक करायला सवडही मिळाली नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती सोपवावा, असा आग्रह धरला आणि राघोबादादांना त्यासाठी अनुकूल करून घेतले. अहिल्याबाईंनी तो ठाम नाकारला. एकाची पत्नी आणि दुसऱ्याची आई या नात्याने वारसाविषयी ठरवण्याचा अधिकार आपलाच आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी इतर मराठा सरदारांकडे मदत मागितली, लढण्याची तयारी केली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळवला. राघोबादादांना माघार घ्यावी लागली. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन मुलकी कारभार त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि नर्मदाकाठच्या महेश्वरास बस्तान हलवले. काही महिन्यांपूर्वी आजाऱ्याच्या अंथरुणाशी बसलेल्या बाईने हे सारे केले.

पुढील अठ्ठावीस वर्षांचा कारभार सर्वश्रुत आहे. पहाटे सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा व पुराणश्रवण, दानधर्म, दुपारी दोन-अडीचपासून संध्याकाळपर्यंत दरबार, रात्री जेवणानंतर पुन्हा कामकाज, असा त्यांचा दिनक्रम माल्कमने नोंदवला आहे. फिर्यादी माणसाला थेट त्यांच्यापर्यंत पोहोचता येत असे. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथाचे नवे देवालय, महेश्वरचे घाट आणि देशभरातील शेकडो विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांतून त्यांचे नाव राहिले. पुणतांब्याचा घाटही याच मालिकेतला. ही सारी बांधकामे मुलाच्या प्रायश्चित्तासाठी होती, असे म्हणण्यास काहीही आधार नाही आणि तसे म्हणणे त्यांच्या कर्तृत्वावर अन्याय करणारे होईल. तथापि एक प्रसंग विचारात घेण्यासारखा आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीपर ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुर्बळ व पापी स्त्री असून या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकण्याची आज्ञा केली. हा विनय असेल, धर्मनिष्ठ मनाची रीत असेल. पण अवघा मुलूख जिला पुण्यश्लोक म्हणत होता, तिच्या स्वतःच्या हिशेबात काही खाती बंद झालेली नव्हती, असेही त्यातून जाणवते.

उतारवयात पुन्हा एकदा तोच पट मांडला गेला. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांच्या मुलावर, नातू नथोबावर, अहिल्याबाईंचा फार जीव होता. तो तरुणपणीच आजाराने गेला. त्यानंतर वर्षभरात, १७९१ साली, यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. अहिल्याबाईंनी मुलीची परोपरीने विनवणी केली. म्हातारपणी मला एकटे टाकू नकोस म्हणून तिच्यापुढे लोटांगण घातले. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी सुनेला जे सांगितले होते, तेच आता सून आपल्या मुलीला सांगत होती. मुक्ताबाईंनी ऐकले नाही. पती आणि मुलगा दोघेही गेल्यावर आपल्याला उरलेले आयुष्य कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. अहिल्याबाई स्मशानापर्यंत चालत गेल्या. ज्वाळा उसळल्या तेव्हा त्यांचे भान हरपले. दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते आणि त्या स्वतःचे हात चावीत होत्या, असे वर्णन माल्कमने केले आहे. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस अन्नपाण्यावाचून, एक शब्दही न बोलता बसून राहिल्या. त्यातून सावरल्यावर मुलगी व जावयाच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर वास्तू उभारली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

मुक्ताबाईंच्या वेळी त्यांचा शोक सर्वांनी पाहिला, त्याबद्दल कोणी संशय घेतला नाही. मालेरावांच्या वेळच्या शोकावर मात्र आजही प्रश्नचिन्ह लावले जाते. याचे कारण एवढेच, की त्या शोकात दुसऱ्याही भावना मिसळलेल्या होत्या आणि समाजाला शोक निर्भेळ लागतो. १९०६ साली जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी ज्या विकाराचे पहिले वर्णन मांडले, त्याच्या रुग्णांचे आप्त आज याच प्रश्नचिन्हाखाली जगतात. नवऱ्याला दिवसभर सांभाळणाऱ्या साठीपासष्टीच्या बाईने चार दिवस बहिणीकडे जाऊन यावे म्हटले, तरी कपाळाला आठ्या पडतात. ती कधी त्याच्यावर ओरडली तर शेजारी ऐकतात. रात्री चार वेळा उठून त्याची ओली चादर बदलते ते कोणी पाहत नाही. माणूस समोर असताना त्याला गमावण्याच्या या अवस्थेचा पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अनेक वर्षे अभ्यास केला. परस्परविरोधी भावना मनात येणे ही त्या अवस्थेची स्वाभाविक बाजू आहे, प्रेमाचा अभाव नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

अशा घरांना आपण काय देऊ शकतो? उपचारांना आज मर्यादा आहेत. पण सेवा करणाऱ्याला दोन तास मोकळे करणे, त्याने केलेली तक्रार उपदेश न करता ऐकून घेणे आणि मृत्यूनंतर त्याच्या डोळ्यांतील पाणी मोजत न बसणे, एवढे नातेवाइकांना नक्कीच जमण्याजोगे आहे. दरवर्षी ३१ मे रोजी चोंडीपासून इंदूरपर्यंत अहिल्याबाईंची जयंती साजरी होते. त्यांच्या न्यायनिष्ठेच्या कथा त्या दिवशी जरूर सांगाव्यात. मुलाला रथाखाली देण्याची कथा मात्र आता सोडून द्यावी. त्याऐवजी विंचवाने दंश केलेल्या याचकाचीही क्षमा मागणारी आणि दंश घडवून आणणाऱ्या मुलाच्याही अंथरुणाशी जागणारी अहिल्याबाई सांगावी. आपल्या आसपासच्या कितीतरी घरांत आज रात्री तिच्यासारखेच कोणीतरी जागे असेल.